गायकनटाचे वैभव आणि कर्ज

गाणे आणि अभिनय या दोन्ही अंगांनी रंगभूमी गाजवणाऱ्या कलावंताचे चरित्र लिहिताना त्याच्या भूमिका, पदे आणि रसिकांची दाद यांची नोंद मराठी चरित्रकारांनी मनापासून ठेवली आहे. पैशाचा भाग मात्र बहुधा दोन-चार वाक्यांत उरकला जातो आणि ती वाक्ये ठरलेली असतात. कलावंताने अमाप मिळवले, हात सैल सोडून खर्चले आणि उतारवयात विपन्नावस्था पाहिली, एवढ्यावर वाचकाचे समाधान केले जाते. तो पैसा कोणत्या वाटेने आला, कोणाच्या नावावर जमा झाला, त्यावर पहिला हक्क कोणाचा होता आणि कलावंताच्या हाती उरलेला वाटा पुढच्या प्रयोगाला पुरेसा होता का, याची विचारपूस क्वचितच होते. प्रस्तुत लेखनाचा विषय नेमका हा आहे. त्याच्या मध्यभागी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांची कारकीर्द आहे, कारण मराठी रंगभूमीवर एवढे वैभव आणि एवढे कर्ज एकाच गळ्याभोवती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नाही. परंतु त्यांचा व्यवहार नीट कळण्यासाठी त्यांच्या काळात याच मुलखात गाण्यावर पोट भरण्याच्या आणखी कोणत्या वाटा होत्या, हे आधी पाहणे आवश्यक आहे.

औंध हे नाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एका गावापुरते आणि तिथल्या यमाईच्या डोंगरापुरते उरले असले, तरी १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत ते पंतप्रतिनिधी घराण्याच्या संस्थानाचे नाव होते. बहात्तर गावांचे हे संस्थान सलग नव्हते. औंध आणि किन्हई आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे, अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते बनलेले होते आणि मधला बराच मुलूख खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचा, होता. त्यामुळे कृष्णाकाठच्या एखाद्या गावातल्या हुशार मुलाला काही कोसांच्या अंतरात दरबार, इंग्रजी शाळा, रेल्वेचे स्टेशन आणि तमाशाचा फड या चारही गोष्टी दिसू शकत. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते, १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले; कलावंताला दारात उभे राहावे लागू नये, एवढी समज असलेला हा दरबार होता.

या दरबाराच्या आश्रयाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी. किन्हईत १८८१ साली जन्मलेले अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या गुरूकडून मिळालेली विद्या त्यांनी औंधचे राजगायक म्हणून सांभाळली आणि पुढे आपले पुत्र गजाननराव जोशी यांच्या हाती सोपवली. राजगायकाचे पद म्हणजे ठरावीक वेतन, उत्सवप्रसंगी हजेरी, शिष्यांना तालीम आणि उरलेल्या वेळी रियाजाची मोकळीक. या व्यवस्थेत कोणी श्रीमंत होत नसे, पण गायकाला उद्याच्या तिकीटविक्रीची चिंता नसे आणि कलेच्या नावाने कर्ज काढण्याची वेळही येत नसे. आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी औंधात सुरू केलेला संगीतोत्सव संस्थान गेल्यावरही चालू राहिला, हे या स्थैर्याचे फळ मानावे लागेल. या व्यवस्थेची मर्यादाही स्पष्ट होती: दरबार जितका मोठा, तितकाच आश्रय मोठा, आणि औंध लहान संस्थान होते.

दुसरी वाट अगदी उलट दिशेची. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली कुलकर्णी घराण्यात जन्मलेला श्रीधर कृष्णाजी हा मुलगा शिक्षणाच्या काळात औंध दरबाराच्या आश्रयाला होता. त्या आश्रयातून एखादा कारकून किंवा शास्त्री घडावा, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण श्रीधरने गावाचे कुलकर्णीपण सोडून ढोलकीचा फड जवळ केला आणि तो पठ्ठे बापूराव झाला. ढोलकी फड म्हणजे गण, गौळण, लावणी आणि शेवटी वग अशा क्रमाने रात्रभर खेळ करणारा तमाशाचा संच. वग म्हणजे गद्यपद्यमिश्रित कथानाट्य. बापूराव स्वतः रचत, स्वतः गात आणि फडही स्वतः चालवत. हिवरगावच्या पवळा या नर्तकीची साथ मिळाल्यावर मुंबईच्या गिरणगावापासून कोल्हापूरपर्यंत त्यांच्या खेळांना झुंबड उडाली. राजर्षी शाहू महाराजांसमोर त्यांनी ‘मिठाराणी’चा वग केल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रात ठळकपणे येतो.

फडाच्या उत्पन्नाचे दोन झरे होते. एक सुपारी, म्हणजे खेळ ठरवताना गावाने किंवा ठेकेदाराने दिलेली विसाराची आणि मोबदल्याची रक्कम. दुसरा दौलतजादा, म्हणजे आवडलेली लावणी पुन्हा म्हणवून घेण्यासाठी प्रेक्षकाने त्या क्षणी पुढे केलेला पैसा. दौलतजाद्यात दाद आणि दाम एकत्र येतात, आणि तो पैसा ज्या हातात पडतो तो हात बहुतेक वेळा नाचणाऱ्या बाईचा असतो, रचना करणाऱ्याचा नसतो. बापूरावांच्या लावण्या पुढे कित्येक फडांनी गायल्या, कित्येकांची पोटे त्यावर भरली. रचनाकार म्हणून त्यातले काही त्यांच्याकडे परत येईल, अशी कोणतीच व्यवस्था त्या धंद्यात नव्हती. या पैशाला समाजात प्रतिष्ठाही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला बापूरावांनी खेळांच्या उत्पन्नातून मदत देऊ केली असता, दलित स्त्रीला नाचवून मिळवलेला तो पैसा बाबासाहेबांनी नाकारला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पवळा दुरावल्यावर फडाची घडी विस्कटली आणि १९४५ च्या डिसेंबरात बापूरावांचा पुण्यात अंत झाला तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नव्हते. पवळेच्या वाट्याला काय आले, याचा विचार तर आजवरच्या लेखनाने त्याहूनही कमी केला आहे, आणि ही उणीव गंभीर आहे.

दरबार आणि फड यांच्या मधली तिसरी वाट नाटक कंपनीची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटक हा प्रकार सुरू झाला. त्यात नट अभिनय करता करता स्वतः पदे गातो. या नाटकाच्या पाठीशी कंपनी असे, आणि कंपनी म्हणजे एक फिरते बिऱ्हाड होते. मालक किंवा भागीदार, पगारी नट, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेपटवाले, स्वयंपाकी, धोबी आणि शिकाऊ मुले अशी शंभरावर माणसे पडदे-पेट्यांसह रेल्वेने एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जात आणि एकेका गावी काही आठवडे राहत. प्रयोग ठरावीक वारी होत. पंगत मात्र दोन्ही वेळा उठत असे. या साध्या वस्तुस्थितीत कंपनीच्या अर्थकारणाची सगळी अडचण सामावलेली आहे.

नारायण राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. त्यांचे नाव ज्या नागठाण्याशी जोडले जाते ते कृष्णाकाठचे गाव आज पलूस तालुक्यात आहे, आणि औंध संस्थानातले कुंडलही त्याच तालुक्यात. लहानपणी गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटले, हे सर्वश्रुत आहे. कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार चालू असताना शाहू महाराजांच्या पुढाकाराने ते १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेपासून स्त्रीभूमिकांचा त्यांचा प्रवास सुरू झाला. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग ज्या दिवशी होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरीही प्रयोग झाला. ही हकिकत नेहमी कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण त्यात कंपनीच्या जगण्याची रीतही दिसते: जाहीर झालेला प्रयोग रद्द होणे म्हणजे शंभर माणसांच्या अन्नावर गदा, आणि ही जाणीव एका बावीस वर्षांच्या बापाच्या खांद्यावर होती.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघांच्या भागीदारीत एक समतोल होता. बोडस व्यवहारी आणि शिस्तीचे, टेंबे संगीताचे जाणकार, आणि लोक ज्यांच्यासाठी तिकीट काढत ते बालगंधर्व. काही वर्षांत टेंबे आणि त्यानंतर बोडस बाहेर पडले आणि कंपनी एकट्या बालगंधर्वांच्या मालकीची झाली. वरवर पाहता हा उत्कर्षाचा काळ. भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी नटलेले ‘स्वयंवर’ १९१६ चे, गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ चे. रुक्मिणी, सिंधू आणि भामिनी या भूमिकांनी मध्यमवर्गीय स्त्रियांच्या नेसण्याची आणि केशरचनेची रीत बदलली. व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर मात्र याच काळात एक गोष्ट कायमची बिघडली. एकटा मालक झालेला नट कंपनीच्या प्रत्येक हुंडीला आणि प्रत्येक व्याजाला एकटा जबाबदार ठरला आणि त्याला ‘नाही’ म्हणणारा भागीदार जवळ राहिला नाही.

गंधर्व मंडळीच्या खर्चाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात नापसंतीचा सूर असतो. खरे जरतारी शालू आणि पैठण्या, उंची अत्तरे, मखमली पडदे, ‘द्रौपदी’साठी उभारलेली मयसभेची डोळे दिपवणारी सजावट, साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे उस्ताद, हे सर्व उधळपट्टीच्या खात्यात टाकले जाते. हे मत फेरतपासणीस घ्यायला हवे. रंगमंचावरच्या रुक्मिणीने खोटा शालू नेसला असता तर तो पहिल्या रांगेला कळला असता आणि ज्या प्रत्ययासाठी माणसे वऱ्हाड-खानदेशातून रेल्वेने येत तो प्रत्यय उणावला असता. थिरकवांसारख्या तबलजीला पगारावर ठेवल्यामुळे नाट्यपदाला जी लय मिळाली, ती आजही ध्वनिमुद्रिकांत ऐकू येते. हा खर्च म्हणजे त्या कलेचा कच्चा माल होता. कमतरता होती ती खर्चाला पेलणाऱ्या भांडवलाची. कंपनीजवळ राखीव निधी नव्हता, स्वतःचे नाट्यगृह नव्हते आणि प्रयोग संपल्यावर विकता येईल असा माल नव्हता.

एका गोष्टीकडे येथे बारकाईने पाहावे. रात्री सुरू झालेला गंधर्वांचा प्रयोग पहाटेपर्यंत चाले, कारण प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ येत राही आणि बालगंधर्व तेच पद नव्या आलापींनी पुन्हा म्हणत. एकेका पदाला पाच-सहा वेळा दाद मिळाली की अंक लांबत जाई, दिव्यांचा खर्च वाढे, साथीदार थकत आणि दुसऱ्या दिवशीचा विसावा लागे. प्रेक्षकाने मात्र तिकिटाचे पैसे एकदाच दिलेले असत. तमाशात पुन्हा म्हणवून घेतलेल्या लावणीला दौलतजादा पडतो. संगीत नाटकात पुन्हा म्हटलेल्या पदाला टाळ्याच पडत. मध्यमवर्गाच्या सभ्यतेने फडातला पैशाचा उघड व्यवहार नाकारला, हे प्रतिष्ठेच्या दृष्टीने योग्यच झाले. पण त्यामुळे गायकनटाच्या श्रमाचा मोठा भाग बिनमोबदला राहिला, हेही तितकेच खरे आहे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ललितकलादर्श या नाटक मंडळीचे केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले. ज्या सुमारास हे दान झाले, त्याच सुमारास गंधर्व मंडळीवरचे कर्ज लाखाच्या वर गेले होते, आणि पुढची अनेक वर्षे प्रयोगांचे उत्पन्न सावकारांच्या देखरेखीखाली जात राहिले. रसिकांनी वर्गणी गोळा करून कर्ज फेडण्याची तयारी दाखवली, तेव्हा बालगंधर्वांनी ती नाकारली आणि गाऊनच फेड करण्याचे ठरवले. ते कर्ज त्यांनी खरोखरच फेडले. कर्जबाजारी नट म्हणून त्यांची जी प्रतिमा रूढ आहे, तिच्यात ही फेड जवळजवळ हरवली आहे. पायात चाळ बांधल्यासारखी वर्षानुवर्षे तीच तीच नाटके, तेच मुक्काम, आणि गल्ल्याची पेटी उघडायच्या आधी ठरलेला सावकाराचा वाटा, अशा अवस्थेत ज्या गळ्याने लोकांना आनंद दिला त्याच्या चिकाटीला त्याच्या खर्चीकपणाइतकी तरी जागा इतिहासात मिळायला हवी.

भांडवलाचा मुद्दा बालगंधर्वांच्या नागठाण्याच्याच पलूस तालुक्यातल्या एका शेजारामुळे अधिक उठून दिसतो. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधकरांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा आणि पैशाची मदत दिली. त्यातून लोखंडी नांगरांचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. अण्णासाहेब आणि लक्ष्मणराव हे दोघेही मूळ गुर्लहोसूरच्या किर्लोस्करांपैकी. एकाने संगीत नाटक दिले, दुसऱ्याने नांगर. नांगराच्या कारखान्याला जमीन, दीर्घ मुदतीची मदत आणि पुढे मर्यादित कंपनीचे कायदेशीर रूप मिळाले, म्हणजे तोटा झाला तरी मालकाच्या घरादारावर टाच येऊ नये अशी तरतूद झाली. नाटकधंद्याला हे रूप देण्याचा विचार त्या काळी मूळ धरू शकला नाही. नाटक कंपनी म्हणजे मालकाचा प्रपंच, ही समजूत शेवटपर्यंत टिकली.

धंद्याचा सगळा भार कलावंताने एकट्याने पेलण्याची अशीच अडचण, पण वेगळ्या शेवटासह, दूरच्या एका उदाहरणातही दिसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतातून १९६० च्या दशकात फंक हा प्रकार आकाराला आला. त्यात सुरावटीपेक्षा ठेका प्रधान असतो आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आपल्याकडे समेवर यावा तसा, सगळ्या वाद्यांचा जोर येतो. या प्रकाराचा प्रवर्तक गायक जेम्स ब्राऊन याने पुढे चित्रपटांतही काम केले. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका काढायला त्याची कंपनी तयार नव्हती, तेव्हा त्याने स्वतःच्या पैशाने ती मैफल मुद्रित करवली आणि १९६३ साली निघालेली ती तबकडी अफाट खपली. त्याने रेडिओ स्टेशने विकत घेतली, चुकलेल्या सुराबद्दल वादकांना दंड केला, करखात्याच्या थकबाकीत तो अडकला आणि २००६ साली तो गेल्यावर त्याच्या मालमत्तेचा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला. मालमत्ता वादात का होईना, पण वाद घालण्याजोगी शिल्लक राहिली, याचे कारण त्याच्या गाण्यांवरचे हक्क ही विकता येण्याजोगी संपत्ती होती. बालगंधर्वांच्या तबकड्याही घरोघर वाजल्या. तरी त्यांच्या उपजीविकेचा कणा रोजचा प्रयोगच राहिला.

१९३१ नंतर बोलपट आले आणि त्या कण्यावरच घाव बसला. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली, मुक्काम दुर्मीळ झाले. गोविंदराव टेंबे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त नायक म्हणून उभे राहिले, बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली, परंतु तुकड्या-तुकड्यांनी होणारे चित्रण आणि समोर नसलेला प्रेक्षक त्यांना मानवला नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. सांगलीत बिऱ्हाड केलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी बलवंत मंडळीची पुंजी चित्रपटनिर्मितीत घातली आणि ती बुडाली. १९४२ साली ते गेले तेव्हा घराचा भार लहान वयाच्या मुलीवर आला. चित्रपटाने पैसा दिला तो पुढच्या पिढीला, आणि त्या पिढीत औंध संस्थानाच्या आटपाडी भागातून निघालेले ग. दि. माडगूळकर होते, ज्यांनी पडद्यावर छोट्या भूमिकांपासून सुरुवात करून लेखणीवर घर उभे केले.

गोहरबाई कर्नाटकी यांच्या साथीने बालगंधर्वांनी थकल्या शरीराने आणखी काही वर्षे प्रयोग केले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना अभिनयासाठी आणि अंतूबुवा जोशींना गायनासाठी गौरवले; १९६४ साली बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले. पुण्याच्या ज्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे त्याची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली आणि ते खुले झाले १९६८ साली, त्यांच्या निधनाला वर्ष होत आले असताना. भारतीय कायद्याने सादरकर्त्या कलावंताचे हक्क मान्य केले ते १९९४ साली, आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली ती २०१२ साली. या तरतुदींचा उपयोग मुद्रित गाण्याला होतो. तमाशाचे फड आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या टाकून गावोगावच्या यात्रा-कमिट्यांकडून सुपाऱ्या घेतात, आणि हंगाम सुरू होण्याआधी कलाकारांना उचल देण्यासाठी फडमालकाला सावकाराकडे जावे लागते. पाऊस किंवा निवडणूक आडवी आली की ते कर्ज पुढच्या हंगामावर चढते. पुढील प्रकरणांत दरबारचे वेतन, कंपनीची भागीदारी आणि फडाची सुपारी या तिन्ही व्यवहारांचा तपशील याच दृष्टीने तपासला आहे.